होल्टा आणि घोड्याचं डोकं

होल्टा म्हणजे पेटतं लाकूड. कोकणातल्या सावर्ड्याच्या शिमग्यात रात्री दोन गट समोरासमोर उभे राहतात आणि हे होल्टे एकमेकांवर भिरकावतात. याला म्हणायचं होल्टेहोम. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, आता पोलिसांना बोलवावं लागणार. तशी वेळ येत नाही. माझ्या सदऱ्याला दोनदा भोकं पडली आणि एकदा भुवई करपली, एवढंच. करपल्या भुवईनं मुंबईला कामावर हजर झालो, तेव्हा मात्र खरं कारण कुणाला पटेना.

पुढे रोमचा इतिहास वाचताना हाच प्रकार भेटला. १५ ऑक्टोबरला तिथे रथांची शर्यत व्हायची आणि जिंकलेल्या जोडीतला उजवा घोडा मार्स देवाला बळी जायचा. त्याच्या डोक्यासाठी मग दोन आळ्या भिडायच्या. एकीकडे ‘पवित्र रस्त्या’वरचे, दुसरीकडे सुबुरातले. सुबुरा म्हणजे दाटीवाटीची, गरिबांची वस्ती. रस्तेवाल्यांनी डोकं पळवलं तर ते रेजिया या जुन्या राजवास्तूच्या भिंतीवर लागायचं, सुबुरावाल्यांनी पळवलं तर मामिली बुरुजावर. पुढचं वर्षभर कुणी कुणाला काय ऐकवलं असेल, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

आमच्याकडे भिंतीवर लावायला काही उरतच नाही. सकाळी नुसती राख. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, “आजोबा, जिंकलं कोण?” ते म्हणाले, “अरे, होम काय जिंकायचा असतो?”

ग्रीकांना हे उत्तर मुळीच रुचलं नसतं. इ.स.पू. ७७६पासून जिथल्या विजेत्यांची नोंद सांगतात, त्या ऑलिंपियात मुकुट मिळे तो पहिल्यालाच. तोही रानऑलिव्हच्या फांदीचा. दुसरा आला काय नि शेवटचा आला काय, सारखंच. हरलेले मल्ल तोंड चुकवत गल्लीबोळांतून घरी जातात, असं पिंडार या कवीनं लिहून ठेवलंय, तेही जिंकलेल्याच्या स्तुतिगीतात! इ.स.पू. ४१६मध्ये अथेन्सच्या अल्किबियादीसनं एकट्यानं सात रथ उतरवले. पहिला, दुसरा आणि चौथा क्रमांक त्याचाच. पुढे भर सभेत त्यानं ही गोष्ट आपल्या मोठेपणाचा दाखला म्हणून सांगितली.

त्याच्या कितीतरी आधी, इ.स.पू. ७००च्या सुमारास, हेसिओद या शेतकरी कवीनं ईर्ष्या नावाच्या दोन बहिणी सांगितल्या होत्या. एक माणसांना लढायांत लोटते. दुसरी आळशालाही हलवते. शेजाऱ्याची नांगरट बघून तो आपलं औत बाहेर काढतो. हेसिओद हे सांगतो कुणाला? वडिलोपार्जित वाटणीवरून तंटा करणाऱ्या सख्ख्या भावाला. म्हणजे माणूस आपल्यातलाच.

हेसिओदचं माप लावलं तर होल्टेहोम पहिल्या बहिणीचा वाटेल. मला तसं वाटत नाही. ती बहीण कोकणात आगीतून येत नाही, कागदातून येते. पालखी आधी कुणाच्या दारी, पहिला नारळ कुणाचा, या मानावरून कोकणातल्या किती गावांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या! तिथे जिंकणारा ठरतो, आणि पुढच्या शिमग्याला हरलेला पालखीला खांदा द्यायला येत नाही. होल्टा मारणारा मात्र तासाभरानं समोरच्याच्याच तंबाखूतली चिमूट मागतो.

रोममधला तो घोडा कधीच इतिहासजमा झाला. आमचा होम अजून चालू आहे. बघायला या, कोकण रेल्वे गावात थांबते. फक्त सुती कपडे घाला, टेरिकॉट नको.