मालक क्रमांक १००१

मागच्या वर्षी आमच्या लॅबमधलं जुनं लिनक्स मशीन बदललं. सगळ्यांच्या होम डिरेक्टरी टारमध्ये बांधल्या आणि लाइव्ह यूएसबीवरून नव्या डिस्कवर उतरवल्या. एकही फाइल हरवली नाही. फक्त माझा तीन वर्षांचा डेटा एका ज्युनिअरच्या नावावर गेला आणि मला तो उघडता येईना. रूटचा पासवर्ड असलेले सर गावाला गेलेले, त्यामुळे कारण शोधायला दोन दिवस मिळाले. कारण थेट १९७९ मधलं निघालं.

युनिक्स फाइलवर मालकाचं नाव लिहीत नाही, क्रमांक लिहितं. १००१ म्हणजे कोण, हे त्या-त्या मशीनवरची पासवर्ड फाइल ठरवते. बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ साली, टार आलं आणि त्याने जुन्या टीपी या प्रोग्रामची जागा घेतली. टेपवर प्रत्येक फाइलच्या आधी ५१२ बाइटचा मथळा असे: नावाला १०० बाइट, मग परवानग्या, मालकाचा क्रमांक, आकार, तारीख. हे आकडे बायनरीत न लिहिता साध्या अष्टमान अंकांत लिहिलेले. त्यामुळे पीडीपी-११ वर लिहिलेली टेप बाइटचा क्रम वेगळा असलेल्या मशीनलाही वाचता यायची. क्रमांक नव्या हार्डवेअरवर बिनचूक पोचायचा; तो कोणाचा, हे सांगणारी फाइल मात्र जुन्या मशीनवरच राहायची.

दुरुस्ती १९८८ च्या पॉसिक्स मानकात झाली, आणि ती जिथे बसवली ते मला फार आवडतं. जुन्या मथळ्यातले २५७ बाइटच वापरात होते, २५५ रिकामे. यूस्टार या नव्या रचनेने त्या रिकाम्या जागेत मालकाच्या आणि गटाच्या नावाला प्रत्येकी ३२ बाइट दिले. डिव्हाइस फाइलींचे क्रमांकही तिथेच. (मूळ टारला डिव्हाइस फाइली बांधताच येत नव्हत्या!)

मग माझा डेटा का गेला? लाइव्ह यूएसबीवर आमची खातीच नव्हती. नाव सापडलं नाही की टार क्रमांक वापरतं, आणि नव्या मशीनवर खाती वेगळ्या क्रमाने उघडली होती. उलट, तुम्ही पासवर्ड फाइलसकट अख्खी सिस्टिम क्लोन करत असाल तर क्रमांकच हवेत; जीएनयू टारमध्ये त्यासाठी 'न्यूमेरिक ओनर' हा पर्याय आहे.

या विषयावर एकच पेपर वाचायचा तर एलिझाबेथ झ्विकी यांचा, १९९१ च्या लिसा परिषदेतला. मुद्दाम त्रासदायक फाइली बनवायच्या (अतिलांब नावं, मध्ये पोकळी असलेल्या फाइली, बॅकअप चालू असतानाच बदलणाऱ्या फाइली), त्या बांधायच्या, परत उतरवायच्या आणि काय उरलं ते बघायचं. डंप हा प्रोग्राम सरस ठरला. प्रयोगाची मांडणी शिकायला तो पेपर आजही उत्तम आहे.

सर आल्यावर चाऊन कमांडने मालकी बदलली. पाच मिनिटांचं काम. आता नवीन खातं उघडलं की त्याचा क्रमांक आम्ही लॅबच्या वहीत लिहून ठेवतो.