शिळ्या पावाची कुळकथा

स्मरणिकेत इतिहासावर एक तरी लेख असावा, ही आपल्या मंडळाची जुनी रीत आहे. आजवर या पानांवर किल्ले आले, देवळे आली, थोर स्त्रियांची चरित्रे आली. यंदा संपादक भगिनींनी माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी म्हटले, "मी पावाचा इतिहास लिहीन." त्या हसल्या. पण गेल्या वर्धापनदिनी जे घडले ते ज्यांनी पाहिले आहे, त्या हसणार नाहीत.

वर्धापनदिनाची सकाळ कशी जाते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आधी प्रार्थना, मग अहवालवाचन, मग पाहुण्यांचे भाषण आणि शेवटी अल्पोपाहार. साठ-सत्तर माणसांचे पोहे किंवा उपमा करायचा म्हटले की सहा-सातजणी पहाटेपासून शेगडीपुढे उभ्या. त्यांना ना प्रार्थना, ना भाषण. जे काही कानावर पडते ते कढईच्या चरचराटातून. एका वर्षी पाहुण्यांनी स्त्रियांच्या श्रमांवर फार सुंदर भाषण केले, आणि ते नेमके ज्यांनी ऐकायला हवे होते त्याच भिंतीपलीकडे कांदा परतत होत्या!

म्हणून गेल्या वर्षीच्या बैठकीत एका तरुण सभासद भगिनीने सुचवले, की आदल्या रात्री पाव दूध-अंड्यात भिजवून ट्रेमध्ये लावून ठेवावा आणि सकाळी नुसता भाजून घ्यावा. फ्रेंच टोस्टचाच प्रकार, पण तव्यावर एकेक तळायचा नाही; सगळा एकदम भट्टीत. त्यावर आमच्या एक ज्येष्ठ भगिनी, ज्यांच्या हातचे पोहे आपण वर्षानुवर्षे खात आलो, त्या म्हणाल्या, "म्हणजे पाहुण्यांना शिळे वाढायचे?" बैठक एकदम गप्प झाली. प्रश्न रास्त होता. पुढील मजकूर हे त्या प्रश्नाचे माझ्या परीने दिलेले उत्तर समजावे.

या पदार्थाचे मूळ फार दूर आहे. प्राचीन रोममधील पाककृतींचा एक लॅटिन संग्रह आज उपलब्ध आहे. तो अपिसियस या नावाने ओळखला जातो, आणि त्याची जुळणी इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकात झाली असे मानतात. त्यात गोड पदार्थांमध्ये एक कृती अशी आहे : उत्तम पांढऱ्या पावाचा वरचा कडक भाग काढून मोठे तुकडे करावेत, दुधात भिजवावेत, तेलात तळावेत, वर मध ओतून वाढावे. बस्स, एवढेच. यात अंडे नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अंडे न खाणाऱ्या आपल्या भगिनींना म्हणूनच मी सांगत असते, की तुमचा प्रकार हा नंतरची तडजोड नव्हे, तोच मूळ प्रकार!

पुढे मध्ययुगात युरोपभर हा पदार्थ दिसू लागतो, आणि त्याची नावेच त्याची कथा सांगतात. जर्मनीत १३५०च्या सुमाराच्या एका पाकपुस्तकात तो 'गरीब सरदार' या अर्थाच्या नावाने येतो. मोठ्या घराण्याचा, पण हाती पैसा नाही, असा माणूस जसा नीटनेटका पोशाख करून बाहेर पडतो, तसा हा कालचा पाव अंड्याचा झगा घालून ताटात येतो. फ्रान्सात त्याचे नाव 'पें पेर्द्यू', म्हणजे हरवलेला किंवा वाया गेलेला पाव. पंधराव्या शतकातील इंग्रजी हस्तलिखितांतही हेच फ्रेंच नाव थोड्या अपभ्रष्ट रूपात सापडते. जो वाया गेला म्हणून सोडून दिला, तोच गृहिणीने परत मिळवला, असा त्याचा भाव. फोडणीची पोळी आणि फोडणीचा भात करणाऱ्या आपल्या घरांना हा भाव समजावून सांगायला नको.

आता 'फ्रेंच टोस्ट' हे नाव. अमेरिकेत कुणी फ्रेंच आडनावाच्या खानावळवाल्याने तो शोधला, अशी एक गोष्ट सांगतात. तीत तथ्य नाही. कारण १६६० साली लंडनमध्ये छापलेल्या रॉबर्ट मे यांच्या पाकपुस्तकात हे नाव आधीच आहे. मात्र त्यातला पाव दूध-अंड्यात नव्हे, तर मद्य, साखर आणि संत्र्याचा रस यांत भिजवलेला आहे. नाव एका पदार्थाचे आणि ते चिकटले दुसऱ्याला, असे स्वयंपाकघरात नेहमीच होते.

मला स्वतःला सर्वांत जवळची वाटली ती स्पेन आणि पोर्तुगालची हकीकत. स्पेनमध्ये या पदार्थाला 'तोर्रिखा' म्हणतात. १४९६ साली प्रसिद्ध झालेल्या ह्वान देल एन्सिना यांच्या काव्यसंग्रहात त्याचा उल्लेख आहे, आणि तो बाळंतिणीच्या संदर्भात आहे. पोर्तुगालमध्ये तर त्याचे एक नावच 'बाळंतिणीचे काप' अशा अर्थाचे आहे. दूध, अंडी, मध आणि मऊ पाव, म्हणजे चावायला श्रम नकोत आणि अंगी लागावे असे अन्न. आपल्याकडचे अळीव आणि डिंकाचे लाडू डोळ्यांपुढे येतात की नाही? देश वेगळा, धर्म वेगळा, पण बाळंतिणीच्या उशाशी वाटी घेऊन बसलेली आई सगळीकडे सारखीच.

याच पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि तेथे पाव रुजला. 'पाव' हा आपला शब्द त्यांच्याच भाषेतून आला आहे. पण तो आपल्या स्वयंपाकघरात सुखासुखी शिरला असे मात्र नाही. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. जातिभेद मोडू पाहणाऱ्या या गुप्त सभेत प्रवेश करताना ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे. म्हणजे पावाचा एक घास ही त्या काळी केवढी साहसाची गोष्ट होती! माझ्या आजीच्या घरीही पाव यायचा तो आजारी माणसापुरता, आणि चुलीपासून चार हात दूर राहायचा. आज तोच पाव मंडळाच्या फराळाला चालतो, याच्यामागे कितीजणांनी सोसलेले बोल आहेत, हे आपण विसरू नये.

आता मूळ मुद्द्याकडे वळते. रोमपासून गोव्यापर्यंत ही जी सारी कथा सांगितली, तीत पाव वाचला; पण करणारी बाई सुटली नाही. कारण तळणीत एका वेळी तीन-चार कापच मावतात. पहिल्यांचे खाऊन होईपर्यंत दुसऱ्यांचे तळायचे, आणि सर्वांचे झाल्यावर तिने उभ्या उभ्या उरलेले तोंडात टाकायचे. यात खरा बदल विसाव्या शतकात अमेरिकेत झाला, आणि तो तीन साध्या वस्तूंमुळे झाला.

पहिली वस्तू म्हणजे भट्टीत चालणारे काचेचे भांडे. १९१३ साली न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग येथील काचकारखान्यातल्या जेसी लिटल्टन या शास्त्रज्ञाच्या पत्नीचे, बेसीबाईंचे, मातीचे भांडे भट्टीत तडकले. तिने नवऱ्याला कारखान्यातली काच आणायला सांगितली. त्याने बॅटरीच्या बरणीचा कापलेला तळ आणून दिला आणि तिने त्यात केक भाजून दाखवला. त्यातूनच १९१५ साली पायरेक्सची भांडी बाजारात आली. शास्त्रज्ञ नवरा होता खरा, पण प्रयोग कुणाचा, हे वाचक भगिनींनीच ठरवावे.

दुसरी वस्तू म्हणजे कापलेला पाव. ७ जुलै १९२८ रोजी मिसूरी राज्यातील चिलिकॉथी गावी ओटो रोहवेडर यांच्या यंत्रावर कापलेला पाव प्रथम विकला गेला. त्याची एवढी सवय झाली की महायुद्धाच्या काळात जानेवारी १९४३ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली, तेव्हा गृहिणींनी तक्रारी केल्या आणि मार्चमध्येच ती उठवावी लागली. तिसरी वस्तू म्हणजे घरगुती रेफ्रिजरेटर. १९२७ पासून तो अमेरिकेत सर्वसामान्य घरांच्या आवाक्यात येऊ लागला. दूध-अंड्यात भिजलेला पाव रात्रभर निर्धास्त ठेवता येतो, तो केवळ या थंड कपाटामुळे. आपल्याकडे भारतीय बनावटीचा रेफ्रिजरेटर गोदरेजने १९५८ साली काढला, आणि १९६५ साली सरकारने मॉडर्न बेकरीज स्थापून शहरांतून मेणकागदात गुंडाळलेला कापीव पाव पोचवला. दोन्ही आले, तरी हा प्रकार आपल्या घरांत रुळला नाही, कारण घरोघरी भट्टी नव्हती.

आता "शिळे" या शब्दाविषयी. ताज्या पावात ओल पुष्कळ असते. तो दुधात टाकला की त्याचा लगदा होतो. एक दिवस झाला की पावातील पिष्ट घट्ट होते, काप कोरडा पडतो, आणि मग तो दूध पोटभर पितो तरी आकार सोडत नाही. तेव्हा येथे कालचा पाव ही काटकसर नसून कृतीची गरज आहे. इडलीचे पीठ आपण रात्रीच आंबवत ठेवतो, त्याला कुणी शिळे म्हणत नाही. आणि श्रावणातल्या शीतला सप्तमीला तर चूल न पेटवता आदल्या दिवशीचे खाणे हेच व्रत! ज्या कुणा पूर्वज बाईने ते रूढ केले, तिला एक सकाळ विश्रांती हवी असेल, अशी मला दाट शंका आहे.

गेल्या वर्षी आम्ही केले ते असे. दर ट्रेला ४०० ग्रॅम आदल्या दिवशीचा पाव, ६ अंडी, ६०० मिलिलिटर दूध, १०० ग्रॅम साखर, वेलची-जायफळ, चिमूटभर मीठ आणि तळाला लोणी. असे पाच ट्रे. अंडे न खाणाऱ्यांसाठी तीन ट्रे वेगळे. त्यांत कस्टर्ड पावडरचे पातळ कस्टर्ड शिजवून, निववून ओतले. ही पावडरही एका स्वयंपाकघरातूनच आली. १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी ती केली, कारण त्यांच्या पत्नीला अंडे सोसत नसे. आठ ट्रे चार घरांच्या फ्रिजमध्ये रात्रभर राहिले. कच्चे दूध-अंडे आहे, तेव्हा ते बाहेर मुळीच ठेवू नये. काचेचे भांडे असेल तर फ्रिजमधून काढून अर्धा तास तसेच ठेवावे, थेट तापलेल्या भट्टीत घालू नये, नाही तर बेसीबाईंची फजिती आपल्या वाट्याला यायची. घरी करायचे तर १८० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे पुरतात. मधोमध सुरी घालावी, ती कोरडी निघाली की झाले.

आमच्याकडे एवढ्या भट्ट्या कुठल्या? मग दिवाळीत नानकटाई ज्या बेकरीत भाजून आणतो तिथेच गेलो. बेकरीवाल्या काकांनी सांगितले, पहाटेचे पाव निघाले की भट्टी जरा उतरते, तेव्हा आणा. आठही ट्रे तासाभरात फुगून, वरून सोनेरी होऊन परत आले.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे लिहायला हवी. श्रम नाहीसे झाले नाहीत. ते सकाळचे रात्रीवर गेले. आदल्या रात्री चौघीजणी अकरापर्यंत पाव लावत बसल्या होत्या, हे आम्ही आभार मानताना विसरलो. म्हणून यंदा रात्रीच्या कामाची पाळी आधीच ठरली आहे, आणि तीत काही सभासदांच्या यजमानांनीही नावे दिली आहेत. इतिहासात याला आधार सापडला नाही, तरी पायंडा चांगला आहे.

आणि त्या ज्येष्ठ भगिनी? त्या दिवशी त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. प्रार्थना त्यांनी सर्वांबरोबर म्हटली, भाषण शेवटपर्यंत ऐकले. मग बशी हाती घेऊन पहिला घास खाल्ला आणि थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटले, आवडले नाही. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मंडळाची प्रार्थना मी आज प्रथमच बसून म्हटली गं. वेलची मात्र पुढच्या वर्षी जरा जास्त घाला."

यंदा वेलची त्याच कुटून देणार आहेत.