मोडले तर बदलून देऊ

श्रोतेहो, खळ्यावरच्या बलुत्याचा व्यवहार तुमच्यापैकी जुन्या मंडळींना तरी ठाऊक असेल. नांगराचा फाळ बोथट झाला, कुदळ शेवटायची झाली, पांभर मोडली, की शेतकरी ती वस्तू उचलून लोहाराच्या नाहीतर सुताराच्या दारात नेऊन टाकी. तिथे पैशाचे नाव निघत नसे. सुगीत धान्याची रास झाली की तिच्यातून लोहार-सुतारांचा वाटा काढून दिला जाई आणि तेवढ्यावर वर्षभराची दुरुस्ती चाले. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली निघालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात या व्यवस्थेचे वर्णन आहे, आणि तिच्यातल्या कुरबुरींचेही आहे. काम वेळेवर होत नाही म्हणून शेतकरी कुरकुरे, वाटा पुरा मिळत नाही म्हणून लोहार कुरकुरे. पण एक गोष्ट पक्की होती. हत्यार करणारा माणूस डोळ्यांसमोर होता. तो गाव सोडून जाणार कुठे?

आता प्रश्न असा की, हत्यार करणारा शेकडो कोसांवरच्या कारखान्यात असेल, त्याचे तोंडही आपण पाहिलेले नसेल, तर मोडलेला पाना घेऊन जायचे कोणाकडे? या प्रश्नाचे एक मोठे धीट उत्तर अमेरिकेत दिले गेले. 'आमचे हत्यार कधीही मोडो, आणून द्या, नवे घेऊन जा, पैसे नकोत,' असे एका व्यापारी पेढीने छापून सांगितले आणि कित्येक दशके पाळले. ते कसे जमले आणि पुढे त्या शब्दाचे काय झाले, ते आज पाहू.

या गोष्टीचे मूळ तिकडच्या खेड्यांत आहे. १८७० च्या सुमारास अमेरिकेतील शेतकरी लहानशा गावच्या एकुलत्या एका दुकानदाराच्या मुठीत होता. माल तो देईल तो, भाव तो सांगेल तो, आणि शिवाय उधारी. याविरुद्ध शेतकऱ्यांनी १८६७ पासून 'ग्रेंज' नावाच्या संघटना बांधायला सुरुवात केली होती. हे हेरून शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या व्यापाऱ्याने १८७२ साली मालाची यादी व भाव एका कागदावर छापले आणि टपालाने खेड्यांकडे धाडले. पण न पाहिलेल्या माणसाला पैसे कोण पाठवणार? त्यावर वॉर्डने १८७५ मध्ये तोड काढली. माल पसंत पडला नाही तर परत पाठवा, पैसे परत मिळतील. दुकानदार नाके मुरडत राहिले, पण शेतकऱ्यांचा विश्वास बसला.

वॉर्डच्या पाठोपाठ रिचर्ड सियर्स आला. हा मिनेसोटा संस्थानातल्या एका लहान रेल्वे स्टेशनवरचा एजंट. १८८६ साली गावच्या जवाहिऱ्याने नाकारलेली घड्याळांची एक पेटी त्याच्या स्टेशनात पडून राहिली. ती त्याने स्वतःच घेतली आणि इतर स्टेशनांवरच्या एजंटांना घड्याळे विकून नफा काढला. पुढच्या वर्षी तो शिकागोला आला आणि घड्याळे दुरुस्त करणारा माणूस हवा म्हणून त्याने जाहिरात दिली. तिला ॲल्व्हा रोबक नावाच्या कारागिराने उत्तर दिले. पुढे जगभर नावाजलेल्या 'सियर्स रोबक' पेढीतला दुसरा भागीदार तो हाच. म्हणजे बघा, विकणाऱ्याने पहिल्याच फटक्यात दुरुस्त करणारा जोडीला घेतला. हमी द्यायची तर मागे कारागीर लागतोच.

सियर्स जाहिराती लिहिण्यात मोठा वस्ताद, आणि खरे सांगायचे तर थोडा थापाड्याही. त्याच्या लेखणीला आवर घालून पेढीची घडी नीट बसवली ती १८९५ मध्ये भागीदार झालेल्या ज्युलियस रोझेनवॉल्डने. मालाची परीक्षा करण्यासाठी १९११ साली पेढीने स्वतःची प्रयोगशाळा काढली. इथे शिक्षक बंधुभगिनींसाठी थोडे आडवाटेला जातो. याच रोझेनवॉल्डने बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सांगण्यावरून दक्षिणेकडील खेड्यांत काळ्या मुलांसाठी शाळा बांधायला पैसा दिला. निम्मा-शिम्मा भार गावकऱ्यांनी व सरकारी खात्यांनी उचलायचा, अशी त्याची अट होती. अशा पाच हजारांच्या आसपास शाळा उभ्या राहिल्या. व्यापाराच्या इतिहासात असे पान क्वचितच सापडते.

असो. अमेरिकन सरकारने १८९६ पासून खेडोपाडी घरपोच टपाल सुरू केले आणि १ जानेवारी १९१३ पासून पार्सलेही टपालाने जाऊ लागली. सियर्सचा जाडजूड कॅटलॉग शेतकऱ्याच्या घरी पोचू लागला. त्यात शिवणयंत्रापासून घोड्याच्या खोगिरापर्यंत सगळे असे. मग मोटार आली. फोर्डची स्वस्त गाडी १९०८ मध्ये निघाली आणि १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या विकल्या गेल्या. जवळपास मिस्त्री नाही, तेव्हा गाडीचे बोल्ट शेतकरी स्वतःच ढिले करू आणि आवळू लागला. कुदळ-फावड्यांबरोबर आता पाने, पकडी आणि डिसमिस घरात हवे झाले.

त्याच गाड्यांमुळे शेतकरी शहरात येऊन खरेदी करू लागला. हे ज्याने ओळखले तो रॉबर्ट वूड १९२४ साली वॉर्डची पेढी सोडून सियर्सकडे आला. लोकसंख्येचे आकडे वाचायचा त्याला नाद होता. त्याच्या सांगण्यावरून १९२५ मध्ये सियर्सने पहिले दुकान उघडले आणि १९२९ अखेर दुकाने तीनशेच्या वर गेली. हे दुकानांचे जाळे ध्यानात ठेवा. मोडका पाना टपालाने शिकागोला पाठवायचा तर हेलपाट्याचा खर्चच त्याहून जास्त. तालुक्याच्या गावी दुकान असेल, तरच तो फळीवर ठेवून नवा उचलता येतो.

१९२७ साली सियर्सने 'क्राफ्ट्समन', म्हणजे कारागीर, हे नाव आपल्या हत्यारांसाठी नोंदवले. हे नाव आधी दुसऱ्या एका हत्यारांच्या पेढीकडे होते. सियर्सच्या लोखंडी सामानाच्या खात्याच्या प्रमुखाने, आर्थर बॅरोज याने, ते पाचशे डॉलर मोजून विकत घेतले असे सांगतात. सियर्सचा स्वतःचा असा हत्यारांचा कारखाना नव्हता. निरनिराळ्या कारखान्यांकडून तो आपल्या मापाने व आपल्या नावाने माल करवून घेई. आणि या नावाखालच्या हातहत्यारांना त्याने ती प्रसिद्ध हमी जोडली. पावती नको, तारीख नको, कसे मोडले याचा जाबजबाब नको.

तुम्ही म्हणाल, असे करून धंदा बुडाला कसा नाही? यात पोलादाचे शास्त्र आहे आणि व्यापाराचेही.

चांगला पाना साच्यात ओतून करीत नाहीत. तापून लाल झालेला पोलादाचा तुकडा ठशात घालून घणाखाली ठोकतात, म्हणजे धातू दाबला जाऊन घट्ट होतो. पोलादात क्रोमियम व व्हॅनॅडियम यांचा अंश असतो. मग त्याला पाणी देतात. आपला लोहार विळ्याला पाणी देतो तेच हे, फक्त भट्टीची उष्णता मोजून. पाणी कमी पडले तर पाना वाकतो, जास्त झाले तर काचेसारखा तुटतो. असा नीट केलेला पाना मोडला तर बहुधा पहिल्या काही दिवसांत मोडतो, कारण आत कुठे तरी चीर राहून गेलेली असते. त्यातून निभावला, तर माणसाच्या आयुष्यभर टिकतो. म्हणजे हमी ऐकायला जेवढी उदार वाटे, तेवढी ती महाग पडत नसे.

झिजणाऱ्या वस्तूंचा हिशेब मात्र वेगळा. कानस, करवतीचे पाते, गिरमिटाचे टोक ही झिजायचीच. 'मोडले तर बदलून देऊ' हा शब्द त्यांना लागू नव्हता, आणि ते योग्यच होते. रॅचेट म्हणजे उलटा न काढता नुसता मागेपुढे हलवून बोल्ट आवळायचा दांडा. त्याच्या आत दाते व खुंटी असते. तो बिघडला तर दुकानदार पुष्कळदा आतले भाग नवे घातलेला दुसरा दांडा देई.

दुसरी गोष्ट व्यापाराची. मोडका डिसमिस बदलायला आलेला माणूस हात हलवीत परत जात नाही. तो दुकानात चार पावले हिंडतो, खिळे घेतो, रंगाचा डबा घेतो, बायकोसाठी काही घेतो. डिसमिसचा पहार म्हणून उपयोग करून त्याचे टोक उडवणारे, पान्याच्या दांड्यात लांब नळी घालून जोर लावणारे पुष्कळ होते. दुकानातल्या माणसाला हे सगळे समजत असे. तो हसून नवा डिसमिस पुढे करी. भांडून वाचवलेल्या डिसमिसपेक्षा हे स्वस्त पडे. बापाचा पाना मुलाने नेऊन बदलला, ही गोष्ट घराघरांत सांगितली जाई. अशी जाहिरात पैसे टाकून मिळत नाही.

याच पेढीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मॅसॅच्युसेट्स संस्थानातल्या तिच्या एका दुकानात पीटर रॉबर्ट्स नावाचा पोरसवदा नोकर होता. बोटाने बटण दाबताच सॉकेट सुटून यावे, अशी युक्ती त्याने रॅचेटमध्ये बसवली आणि १९६५ साली त्याला तिचे पेटंट मिळाले. सियर्सने दहा हजार डॉलरच्या मर्यादेत हक्क विकत घेतले आणि त्या रॅचेटवर अपार पैसा मिळवला. आपल्याला खरी कल्पना दिली नाही म्हणून रॉबर्ट्सने फिर्याद केली. सुमारे दोन दशके खटले चालले आणि अखेर ८२ लाख डॉलरवर तडजोड झाली. गिऱ्हाईकाला एका डिसमिससाठी प्रश्न न विचारणाऱ्या पेढीने आपल्याच नोकराशी इतकी वर्षे भांडावे, हे मला तरी शोभादायक वाटत नाही.

आता 'आजन्म हमी' या शब्दांकडे वळू. जन्म कोणाचा? हत्याराचा, घेणाऱ्याचा, की विकणाऱ्याचा? हा शब्द अनेक व्यापारी सैल तोंडाने वापरू लागले, तेव्हा अमेरिकेत १९७५ साली हमीविषयी कायदा झाला. लेखी हमी 'पूर्ण' आहे की 'मर्यादित', हे स्पष्ट लिहिणे त्याने बंधनकारक केले. पुढे १९८५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने सूचना काढली की, जाहिरातीत 'आजन्म' म्हणायचे असेल तर कोणाच्या जन्माचा हिशेब धरला आहे तेही सांगा. आपल्याकडे १९३० च्या मालविक्री कायद्यात माल कामाच्या योग्य असण्याविषयी तरतूद आहे. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला आणि त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला. दुकानदार तोंडाने 'गॅरंटी आहे हो' म्हणतो, ते बिलावर लिहून मागायला संकोच करू नका. शिक्षकांनी तर वरच्या वर्गातल्या मुलांकडून असे एखादे हमीपत्र वाचून घ्यावे. बारीक टाइपातल्या अटी शोधताना त्यांची करमणूकही होईल.

उदारपणाचा गैरफायदा घेणारे सगळीकडे असतात. मेन संस्थानात १९१२ मध्ये स्थापन झालेल्या एल. एल. बीन या बुटांच्या पेढीने पहिल्या शंभर जोडांपैकी नव्वद परत आले तेव्हा पैसे परत केले आणि त्यावरच नाव मिळवले. पण पुढे लोक जुन्या बाजारात तिचे फाटके जोड चार पैशांना घेऊन ते बदलायला नेऊ लागले. शेवटी २०१८ साली तिने एक वर्षाची मुदत घातली. क्राफ्ट्समनच्या हत्यारांचेही असेच होई. भंगारातले गंजके पाने उचलून दुकानात नेणारे महाभाग होतेच.

सियर्सला मात्र या महाभागांनी बुडवले नाही. नवी मोठी दुकाने आली, घरबसल्या मागवायच्या खरेदीची नवी पद्धत आली, आणि ज्या पेढीने टपालाने विकायला देशाला शिकवले तिने आपला मोठा कॅटलॉग १९९३ मध्येच बंद केला होता. हत्यारे करण्याचे कामही हळूहळू अमेरिकेबाहेर, पुष्कळसे चीन व तैवानकडे गेले. आणि इथे हमीचे खरे दुखणे उघडे पडले. वडिलांचा जुना पाना नेऊन दिला की त्याबदली मिळणारा नवा पाना तोच नसे. अक्षरशः पाहिले तर शब्द पाळला जाई, पण हातातला तोल निराळा लागे. पुष्कळांनी मग मोडके बदलायला नेणेच थांबवले.

२०१७ साली सियर्सने क्राफ्ट्समन हे नाव स्टॅनली ब्लॅक अँड डेकर या हत्यारांच्या मोठ्या कंपनीला विकले. काही रोख, काही पुढे द्यायचे, आणि पंधरा वर्षे विक्रीतला वाटा, मिळून अंदाजे नव्वद कोटी डॉलरचा व्यवहार. पाचशे डॉलरची ती जुनी गोष्ट आठवा. ऑक्टोबर २०१८ मध्ये सियर्सने दिवाळ्याचा अर्ज केला. नव्या मालकाने हमी पुढे चालवली. ही हत्यारे पुन्हा अमेरिकेत करू म्हणून त्याने टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे कारखाना उभारण्याचे २०१९ मध्ये जाहीर केले. नऊ कोटी डॉलरची ही योजना होती. यंत्रे मनासारखी चालेनात आणि मार्च २०२३ मध्ये तो कारखाना बंद करण्याचे ठरले.

जुन्या क्राफ्ट्समन रॅचेटचे दाते व स्प्रिंग यांचे सुटे संच अजून मिळतात. कित्येक अमेरिकन शेतकरी आणि मिस्त्री दुकानात जाण्याऐवजी तो संच मागवतात, दांडा उघडतात, आतले दाते बदलतात, तेलाचे दोन थेंब सोडतात आणि वडिलांच्या हातातला तो दांडा पुन्हा कामाला लावतात.