गाव चांगलं की मोठं शहर? वर्ध्यातून या प्रश्नाकडे बघताना



बारावीचा निकाल लागला की वस्तीतली मुलं-मुली एकच प्रश्न घेऊन येतात. पुण्याला जाऊ का? मुंबई परवडेल का? नागपूर बरं की तेही नको? प्रश्न पैशाचा वाटतो, पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो: मोठं शहर आपल्या माणसाला राहायला चांगलं आहे का? त्यावर दोन तयार उत्तरं मिळतात. वस्तीतले जुने कार्यकर्ते म्हणतात, बाबासाहेबांनीच सांगून ठेवलंय, खेडी सोडा आणि शहर गाठा. आणि रविवारच्या पुरवण्यांतून शहरात फ्लॅट घेऊन बसलेले लेखक सांगतात की खरं सुख गावात, मातीत, चुलीवरच्या भाकरीत आहे. दुसऱ्या उत्तराचा समाचार घेणं सोपं आहे. पहिल्याकडेही इतिहास हातात घेऊन नीट बघायला हवं, कारण आपण अर्धंच वाक्य पाठ केलं आहे.

हा वाद आपल्या जिल्ह्याच्या मातीतला आहे. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी वर्धा शहर सोडून सेगावला राहायला गेले. 1940 मध्ये त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. हिंदुस्थानचं भविष्य खेड्यात आहे, हा विचार त्यांनी 1909 च्या 'हिंद स्वराज'पासून मांडला होता. सेगाव ही त्याची प्रयोगशाळा. 5 ऑक्टोबर 1945 च्या पत्रात त्यांनी नेहरूंना हेच पुन्हा लिहिलं, की लोकांना शेवटी खेड्यातच, झोपड्यांतच राहावं लागेल. नेहरूंनी चारच दिवसांनी उत्तर दिलं की खेडं बौद्धिक आणि सांस्कृतिकदृष्ट्या मागासलेलं असतं, त्यात त्यांना आदर्श दिसत नाही. हा पत्रव्यवहार आजही भक्तिभावाने अभ्यासला जातो. पण त्यात एक तिसरा माणूस गैरहजर आहे. ज्याला गावाने गावाबाहेर ठेवलं, त्याला गाव कसं दिसतं हे दोघांपैकी कोणी विचारलं?

आता सेगावचंच बघा. ते जमनालाल बजाज यांच्या मालगुजारीतलं गाव. वर्धा जिल्हा तेव्हाच्या मध्य प्रांतात होता आणि इथे मालगुजारी चालायची. मालगुजार सरकारला सारा भरायचा आणि गावाचा मालक म्हणून वागायचा. बजाज यांच्याबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे: 1928 मध्ये त्यांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी उघडलं, आणि त्या काळात ते धाडसाचं काम होतं. पण मंदिर उघडलं म्हणून जमीन उघडली का? मालगुजारी संपायला 1951 उजाडावं लागलं. ती संपल्यावरही कसणाऱ्या कुळाला जे मिळालं ते मिळालं. ज्याच्याकडे कुळवहिवाटही नव्हती, नुसती मजुरी होती, त्याच्या हातात काय आलं? महारपुऱ्यातली किती घरं तेव्हा सातबाऱ्यावर चढली, हे आपापल्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

आणखी एक गंमत. खेड्याचं स्वावलंबन शिकवणाऱ्या या आश्रमात टेलिफोन होता, व्हाइसरॉयशी बोलायची सोय म्हणून बसवलेला. आजही पर्यटकांना तो दाखवतात. देशभरचे पुढारी रेल्वेने वर्ध्याला उतरत आणि तिथून सेवाग्राम गाठत. गांधींची थट्टा करायची म्हणून हे सांगत नाही. साधेपणाने राहायचं ठरवणाऱ्याला बाहेरच्या जगाचा दरवाजा उघडा असतो, म्हणून त्याचं खेडं सुसह्य होतं. ज्याच्यावर खेडं लादलं गेलंय त्याला ना टेलिफोन असतो ना निघून जायची मुभा.

बाबासाहेबांचं मत इथूनच समजून घ्यायला हवं. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधानाचा मसुदा मांडताना त्यांनी खेड्याला संकुचितपणाचं, अज्ञानाचं आणि जातीयतेचं डबकं म्हटलं, आणि मेटकाफसारख्या इंग्रज अधिकाऱ्यांनी रंगवलेलं ग्रामप्रजासत्ताकांचं चित्र खोडून काढलं. सभागृहात त्यावर मोठी नाराजी उमटली. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींचं कलम दुरुस्ती म्हणून आत आलं, आज आपण ज्याला अनुच्छेद 40 म्हणतो ते. पण हे मत काही 1948 ला अचानक सुचलेलं नव्हतं. 1932 मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलतानाही त्यांनी विरोधच केला होता. मुद्दा साधा होता: ज्या गावात बहुसंख्य सवर्ण आणि मूठभर अस्पृश्य, आणि तेही त्यांच्याच शेतावर पोट भरणारे, त्या गावाच्या हातात न्यायदानाचा अधिकार दिला तर निवाडा कोणाच्या बाजूने होईल?

म्हणजे त्यांची तक्रार गावाच्या आकाराबद्दल नव्हती, चिखलाबद्दल तर नव्हतीच. ती परावलंबनाबद्दल होती. गावात रोजगार देणारा, पाणी अडवणारा, पंचायतीत बसणारा आणि साक्ष द्यायला येणारा माणूस एकच असतो. मजुरी वाढवून मागितली की विहीर बंद होते, विहिरीवर हक्क सांगितला की काम बंद होतं. समाजशास्त्रात याला मोठमोठे शब्द आहेत, पण ज्याच्या वस्तीवर एकदा बहिष्कार पडलाय त्याला ते शब्द लागत नाहीत.

शहराने ही साखळी कुठे तोडली? रोख मजुरीत. गिरणीत, गोदीत, रेल्वेत पगार महिन्याला आणि नाण्यात मिळायचा. खळ्यावरच्या धान्याच्या वाट्यासारखा तो कोणाच्या मर्जीवर नव्हता. आणि दुकानदार त्या नाण्याची जात विचारू शकत नव्हता. दुसरी गोष्ट दाटीची. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब 1912 च्या सुमारापासून जवळजवळ दोन दशकं दोन खोल्यांत राहिले. आजूबाजूला गिरणीकामगार, आपलीच माणसं. 'मूकनायक' 1920 मध्ये मुंबईतून निघाला, बहिष्कृत हितकारिणी सभा 1924 मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये जन्मली, 'बहिष्कृत भारत' 1927 मध्ये. वर्गणी देणारे हजारो हात आणि छापखाना एकाच ठिकाणी असल्याशिवाय पत्र चालत नाही.

आपल्या जवळचं उदाहरण नागपूरचं. टाटांची एम्प्रेस मिल 1877 मध्ये सुरू झाली. आपल्या भागातले महार पूर्वीपासून जाडंभरडं कापड विणणारे; गिरणीच्या कापडाने हातमाग बसवला आणि मग त्याच गिरणीने त्यांतल्या अनेकांना कामाला घेतलं. मोहप्याला जन्मलेले किसन फागुजी बनसोडे नागपुरात आले आणि बाबासाहेबांचं सार्वजनिक काम सुरू होण्याआधी, 1910 च्या आसपास, छापखाना काढून पत्रं चालवू लागले. 1918 च्या त्यांच्या एका पत्राचं नावच 'मजूर पत्रिका'. जाईबाई चौधरी कामठी-नागपूर वाटेवर हमाली करत. एका मिशनरी बाईंनी त्यांना शिकवलं, आणि याच जाईबाईंनी पुढे नागपुरात चोखामेळा कन्या शाळा काढली. उमरेडकडच्या एखाद्या खेड्यात राहून हे त्यांना जमलं असतं का? 1942 मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा ठराव नागपुरातच झाला, आणि 14 ऑक्टोबर 1956 ची दीक्षाही. वर्ध्याहून किती माणसं पायी आणि रेल्वेने दीक्षाभूमीवर पोचली, त्याच्या आठवणी आजही घराघरात आहेत.

वर्धा जिल्ह्यालाही शहराचं वावडं नव्हतं, हे इथे सांगायला हवं. 1862 मध्ये जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला, आणि 1866 मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागेवर वर्धा शहर मुद्दाम वसवलं गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत हिंगणघाट आणि पुलगावला कापडगिरण्या आल्या. गांधीजी येण्याच्या पन्नास वर्षं आधी या जिल्ह्यात भोंगा वाजत होता! पण जिल्ह्याच्या इतिहासात चरख्याचा आवाज येतो, भोंग्याचा नाही. 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेतली नई तालीम घ्या. हाताने काम करत शिकणं ही कल्पना वाईट नाही. पण ज्याच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हातानेच काम केलं, त्याच्या पोराला शाळेतही टकळी द्यायची, यात कोणाचं काय सुटलं? आपल्या पोराला पाटी हवी होती, इंग्रजी हवं होतं. ब्राह्मणाच्या पोराने टकळी फिरवणं हा संस्कार, आपल्याने फिरवणं हा पुन्हा तोच धंदा.

इथपर्यंत शहराचं पारडं जड आहे. पण याच बाबासाहेबांनी शहराची दुसरी बाजूही स्वतःच्या अंगावर झेलली आणि लिहून ठेवली. 1917 मध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. परदेशातून शिकून आलेला माणूस, संस्थानचा अधिकारी, आणि शहरात राहायला एक खोली मिळेना. पारशी सराईत पारशी नाव सांगून राहिले, तर काही दिवसांत काठ्या घेतलेला जमाव दारात आला. सामान उचलून ते बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. बडोदा काही खेडं नव्हतं.

त्या घटनेला शंभरावर वर्षं झाली. मी एमए करताना एका मोठ्या शहरात खोली शोधत होतो. घरमालकांचा पहिला प्रश्न भाड्याचा नसायचा, आडनावाचा असायचा. आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव कोणतं, मग देव कोणता, आणि शेवटी "व्हेज की नॉनव्हेज". आपल्या मुलांना हे नवीन नाही. अभ्यासकांनीही ते मोजलं आहे. त्रिना वितायथिल आणि गायत्री सिंग यांनी 2001 च्या जनगणनेवरून देशातल्या सात सर्वांत मोठ्या महानगरांच्या वॉर्डांचा अभ्यास केला. 2012 मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा की माणसं आर्थिक स्थितीपेक्षा जातीनुसार जास्त वेगळी राहतात. म्हणजे पैसा आला तरी मोहल्ला बदलत नाही. शहराने महारपुरा मोडला नाही, त्याला पिन कोड दिला.

आणि 11 जुलै 1997? घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले, ते देशाच्या सर्वांत मोठ्या शहरात. 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंब संपवलं गेलं, ते खेड्यात. दोन्ही तारखा शेजारी ठेवा. खैरलांजीत कुटुंब एकटं होतं, गावात हाक मारायला माणूस नव्हता. रमाबाई नगरात माणसं एकटी नव्हती, दुसऱ्या दिवशी राज्यभर रस्ते भरले. फरक एवढाच आहे, पण तो लहान नाही.

मात्र ज्या शहराने आपल्या आजोबांना उभं केलं ते शहर आता राहिलेलं नाही. 18 जानेवारी 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या कधीच पूर्ववत झाल्या नाहीत. एम्प्रेस मिलच्या जागेवर मॉल उभा आहे. पुलगावची गिरणी बंद. कायम नोकरी, युनियन, पीएफ, चाळीतली खोली या चार गोष्टी एकत्र मिळायच्या, म्हणून शहर मुक्ती वाटत होतं. आज आपला मुलगा शहरात जातो तो कंत्राटदाराकडे, बॅग पाठीला लावून डिलिव्हरीला, किंवा महापालिकेच्या ठेक्यावर सफाईला. सफाईच्या ठेक्यात तर गावाचीच जातवार वाटणी पुन्हा दिसते, फक्त गणवेश चढवलेला. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये महामार्गावरून चालत निघालेली माणसं आठवा. शहराने त्यांना दोन महिनेही ठेवून घेतलं नाही.

आणि जे जाऊच शकत नाहीत त्यांचं काय? बाबासाहेब हे विसरले नव्हते. 1942 च्या नागपूरच्या ठरावांत आणि 1947 च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची, सरकारी पडीक जमिनीची मागणी केली. 'शहराकडे चला' एवढंच त्यांचं म्हणणं असतं तर जमीन कशाला मागितली असती? 18 मार्च 1956 च्या आग्र्याच्या भाषणात शिकून शहरात बसलेल्यांवरचा त्यांचा संताप आणि खेड्यातल्या भूमिहीनांची काळजी एकाच दमात आली. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, ते त्याच धाग्याने. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ते 2011 या दहा वर्षांत फक्त 5 टक्क्यांच्या आसपास वाढली, राज्याची 16 टक्के. तरुण माणूस निघून जातोय. मागे राहिलेला पऱ्हाटीच्या शेतात मजुरी करतोय, आणि 2006 मध्ये शेतकरी आत्महत्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज आलेल्या सहा जिल्ह्यांत वर्धा असला, तरी त्या पॅकेजच्या हिशेबात बिनजमिनीचा मजूर कुठे होता?

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. जावं. पण शहराच्या आकारावर भुलून जाऊ नये. तिथे पगार बँकेत येतो का, आडनाव न विचारता खोली किंवा वसतिगृह मिळतं का, अडचणीला धावून येईल असं विहार, संघटना, अभ्यासिका चालण्याच्या अंतरावर आहे का, एवढं बघावं. या हिशेबाने नागपूर कित्येकांना पुण्यापेक्षा चांगलं ठरेल, जरी तिथलं पॅकेज कमी असलं तरी. मुलींच्या बाबतीत तर खोली हा पहिला प्रश्न आहे, कॉलेज दुसरा. बाप नाही म्हणतो तो बहुतेक वेळा खोलीमुळे.

आणि खोलीसाठी हक्काचा पैसा आहे, तो तरी सोडू नका. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मूळ योजनेत मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला 60,000, इतर महापालिका क्षेत्रांत 51,000 आणि जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000 रुपये ठरवलेले होते. घरच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. अर्ज आपल्या गावच्या नव्हे, कॉलेज ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या समाजकल्याण कार्यालयाकडे जातो. उत्पन्नाचा दाखला आणि जातवैधतेची कागदपत्रं मात्र इथूनच काढून न्यावी लागतात, तेव्हा निकालाची वाट न बघता तहसीलची फेरी आत्ताच मारा.