किमान घर कुणी मोजलं?

आधुनिक वास्तुकलेचं कुठलंही जाडजूड पुस्तक उघडा. भारतातलं काँक्रीट म्हटलं की उत्तर ठरलेलं: आधी मरीन ड्राइव्हच्या गोल वळणाच्या बाल्कन्या, मग 1951 नंतर चंदीगढ आणि ल कोर्बुझिए साहेब. दोन्हींना युनेस्कोचा टिळाही लागला, चंदीगढला 2016 साली, मुंबईच्या आर्ट डेकोला 2018 साली. वरळी? नायगाव? पुस्तकात नाही. मी ज्या खोलीत वाढलो तिच्या स्लॅबला काय माती म्हणायची?

तर ऐका. 1920 साली गव्हर्नर जॉर्ज लॉइडनं डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत. पैशासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागं एक रुपया पट्टी बसवली. पन्नास हजारांच्या झाल्या साडेसोळा हजार. 207 चाळी: वरळीला 121, नायगावला 42, डिलाईल रोडला 32, शिवडीला 12. तळमजला धरून चार मजले, चाळीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. सगळं सिमेंट काँक्रीट. मरीन ड्राइव्हच्या बाल्कन्यांना तेव्हा दहा-पंधरा वर्षं अवकाश होता. आणि गंमत बघा, त्या बाल्कन्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती बॅकबेची भरणीही याच खात्यानं सुरू केलेली. एकच खातं, एकच सिमेंट. समुद्राकडचं ते वास्तुकला, गिरणीकडची ती चाळ.

पंडित म्हणतील, चाळ इंजिनिअरांनी बांधली, तिच्यामागं सिद्धांत नव्हता. बरं. मग सिद्धांत जिथं होता तिथंच जाऊ. जर्मनीत.

पहिल्या महायुद्धानंतर तिथं घरांचा दुष्काळ होता. 1925 साली फ्रँकफुर्ट शहरानं एर्न्स्ट मे या वास्तुकाराला कामाला लावलं. त्यानं पाच वर्षांत हजारो घरं उठवली. सपाट छपरं, नक्षी नाही, साच्यातले भाग. त्या घरांसाठी मार्गारेटे शूटे-लिहोत्स्की या बाईनं 1926 साली एक स्वयंपाकघर काढलं. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर बघून, बाईची पावलं किती पडतात, हात कुठवर जातो, हे मोजून तिनं ओटा, कपाटं, डबे बसवले. 1.9 मीटर बाय 3.4 मीटर. म्हणजे सत्तर चौरस फूट. तिचं नुसतं स्वयंपाकघर आमच्या अख्ख्या खोलीच्या निम्म्याला जरासंच कमी! तरी मला ही बाई आवडते. निदान तिनं चुलीपुढच्या माणसाची पावलं मोजली. लॉइडच्या खात्यात माझ्या आजीची पावलं कोण मोजणार?

1929 च्या ऑक्टोबरात याच फ्रँकफुर्टला सिआमची, म्हणजे आधुनिक वास्तुकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, दुसरी परिषद भरली. विषय: किमान जगण्यासाठी घर. (त्याच आठवड्यात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला.) माणसाला कमीत कमी किती लागतं? ग्रोपियसचं म्हणणं, जागा थोडी आवळा पण खिडक्या मोठ्या करा, उजेड नि हवा द्या. आणि प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतःची खोली द्या, मग ती छोटी का असेना. छान. पण मेच्या घरांचं भाडंच इतकं झालं, की तळातल्या मजुराला ते झेपेना. आत गेले ते कारकून आणि कुशल कामगार. किमान घरही किमान माणसाला मिळालं नाही.

आमच्याकडं उलटा न्याय. जागा आवळलीच, वर खिडकीच्या जागी काँक्रीटच्या झापा. हवा अडली, उजेड अडला. सुरुवातीची काही वर्षं हजारो खोल्या ओस पडून होत्या. भाडं, लांबचं अंतर आणि ही कोंडी. 1930 च्या कायदेभंगात सरकारनं वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला नि सत्याग्रही आत घातले. फारसा बदल करावा लागला नसेल.

स्वतंत्र खोलीचा सिद्धांत ग्रोपियसनं मांडला, पण परळला तो आधीच अमलात होता. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 साली, शहर साफ करायला निघालेल्या इम्प्रुव्हमेंट ट्रस्टच्या पोयबावडीच्या चाळीत बाबासाहेब राहत. दोन खोल्या घेतलेल्या, एक संसाराला, एक पुस्तकांना. वाचणाऱ्या माणसाला किमान किती लागतं याचं माप तिथं आहे. पुढं दादरला राजगृह बांधलं ते ग्रंथांसाठीच.

आणि एक गोष्ट फ्रँकफुर्टच्या एकाही शहाण्याच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. जात. नकाशात 80 खोल्या सारख्या. राहायला माणसं आली नि कुठली चाळ कुणाची हे पोरासोरांना तोंडपाठ झालं. 1974 च्या जानेवारीत पँथरच्या सभेनंतर वरळी पेटली, तेव्हा याच सारख्या चाळी समोरासमोर उभ्या होत्या. पुढं परळला मोर्चावर इमारतीवरून दगड आला नि भागवत जाधव गेला. गच्ची, गॅलरी, जिना यांचा हा उपयोग वास्तुकलेच्या कुठल्या प्रकरणात घालणार?

किमानाचा आमचा हिशोब आम्हीच केला. 160 फुटांत नवरा-बायको, पोरं, म्हातारी, गावाकडनं कामाला आलेला चुलतभाऊ. मग खोलीच्या पोटात पोटमाळा घातला. मोरी आत घेतली. झापा फोडून खिडक्या केल्या. नळाच्या वेळेवर झोपेच्या पाळ्या लावल्या. हे सुधारणेचं काम शंभर वर्षं चाललं, बिनपगारी.

2017 साली पुनर्विकासाचा नारळ फुटला. 2025 च्या ऑगस्टात वरळीतल्या 556 कुटुंबांना टॉवरमधल्या 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. मला आनंदच आहे. चाळ टिकवा असं रडगाणं मी गाणार नाही, ते गाणारे कधी त्या संडासाच्या रांगेत उभे नव्हते. पण जुन्या चाळी पाडताना वास्तुकलेच्या पोरांनी टेप घेऊन यावं. खोली पोटमाळ्यासकट मोजा, मोरी मोजा, ओट्यापासून दारापर्यंतची पावलं मोजा. टेपचं दुसरं टोक आमची आई धरील.