सुबाभळीची शेजारबाधा

शेताच्या बांधावर झाड असावें कीं नसावें, हा वाद फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमच्या प्लिनीनें अक्रोडाची सावली इतर वनस्पतींस बाधक ठरविली. सारा दोष सावलीचा नव्हता. अक्रोडाच्या मुळांपानांत ज्यापासून 'जुग्लोन' तयार होतें असें द्रव्य असतें, आणि जुग्लोन कित्येक वनस्पतींस सोसत नाहीं, हें पुष्कळ शतकांनंतर कळलें. एका वनस्पतीच्या द्रव्यांचा दुसरीवर होणाऱ्या परिणामास 1937 सालीं व्हिएन्नाचे हान्स मोलिश यांनीं 'अ‍ॅलेलोपॅथी' हें नांव दिलें. मराठींत त्याच्या बाधक अंगास शेजारबाधा म्हणावयास हरकत नाहीं.

पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या कांठीं खराडी आहे. 1997 सालीं हें गांव महानगरपालिकेंत आलें, आणि पुढें शेतांच्या जागीं कांचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. याच नदीच्या खोऱ्यांत, खालच्या अंगास, उरुळीकांचन. गांधीजींसमवेत 1946 सालीं तेथें आलेल्या मणिभाई देसायांनीं 1967 सालीं 'बायफ' ही संस्था स्थापिली, आणि 1970 नंतरच्या दशकांत सुबाभळीचा प्रसार हातीं घेतला. हें झाड मूळचें मेक्सिको व मध्य अमेरिकेंतील. स्पॅनिश लोकांनीं तें फिलिपाइन्सला नेलें. उंच वाढणारें वाण मात्र हवाई बेटांतील होतें. चारा मिळतो, सरपण मिळतें, मुळांवरील गांठींतून हवेंतला नत्र जमिनीस मिळतो. 'सु' हें उपपद उगीच लागलें नाहीं.

परंतु याच पाल्यांत मिमोसीन नांवाचें विषारी द्रव्य असतें. पाला अति खाल्ल्यास जनावरांचे केंस गळतात. मात्र हवाईंतील शेळ्यांच्या पोटांतील जीवाणू तें पचवितात, म्हणून ते ऑस्ट्रेलियांतील गुरांस मुद्दाम देण्यांत आले! तैवानांतील संशोधकांनीं 1986 सालीं दाखविलें कीं, सुबाभळीखालची जमीन जवळजवळ उघडी पडते. पाल्याच्या अर्कानें इतर रोपें खुरटतात. तिचींच रोपें तेवढीं तग धरतात.

एवढ्यावरून झाडास फांशीं देणें घाईचें होईल. कुंडींत अर्क घालणें निराळें आणि शेत निराळें. पाला मातींत कुजला कीं मिमोसीन हळूहळू नाहींसें होतें व नत्र उरतो. शिवाय कोरडवाहू शेतांत बांधालगतचें पीक बारीक राहतें, त्यास ऊन व ओल यांची वाटणीही पुरेशी असते. शेतकरी बांधालगत चर खणून मुळें तोडतो. पीक सुधारलें तरी मुळांनीं पाणी पळविलें होतें कीं विष सोडलें होतें, हें त्या चरावरून कळत नाहीं. शास्त्राची अडचण नेमकी येथें आहे.

1988 च्या सुमारास सुबाभळीचा रस शोषणारा एक बारीक कीटक भारतांत आला, आणि तिच्याविषयींचा उत्साहही ओसरला. झाड मात्र गेलें नाहीं. पुण्याच्या नदीकांठीं व मोकळ्या जागांत तिच्या शेंगा वाळून तडकतात, आणि पहिल्या पावसानंतर जुन्या झाडाखालीं तिचींच रोपें दाटीनें उगवतात.