पायरीची चाचणी

“मॅडम, नापास झाले तर फी परत मिळेल का?”

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आमच्या जर्मनच्या वर्गात जून उजाडला की हा प्रश्न येतोच. यंदा तो निफाडहून एसटीनं आलेल्या, नर्सिंगला नुकताच प्रवेश घेतलेल्या एका मुलीनं विचारला. अकरावी-बारावीला तिनं जर्मन घेतलं होतं, गुणही भरपूर होते. तिला म्हटलं, “अगं, इथे नापास कुणीच होत नाही. तू कुठल्या वर्गात बसायचं, एवढंच ठरवायचंय.” तिचा विश्वास बसला नाही. त्यात तिची चूक नाही. कॉलेजच्या दारात भाषेची परीक्षा म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, आणि त्याला दीडशे वर्षांहून जुनं कारण आहे.

ते कारण म्हणजे मॅट्रिक. आमच्या आजोबांच्या तोंडी ‘मॅट्रिक झालेला’ म्हणजे शिक्षण संपवून नोकरीला मोकळा झालेला. मुळात मात्र हा शब्द सुरुवातीचा. लॅटिनमध्ये ‘मॅट्रिक्युला’ म्हणजे नावांची यादी, नोंदवही. त्या वहीत नाव चढलं की माणूस विद्यापीठाचा. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. त्यात उत्तीर्ण झालेल्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते आणि आमच्याच निफाडला १८४२ मध्ये जन्मलेले महादेव गोविंद रानडे होते. प्रवेशाच्या या परीक्षेत इंग्रजी अटळ होतं, शिवाय आणखी एक भाषा. गणितात हुशार पण इंग्रजीत अडलेला मुलगा दाराबाहेरच राहायचा. त्याला इंग्रजी किती येतं, कुठवर येतं, हे कुणी विचारत नसे. आत किंवा बाहेर, दोनच उत्तरं.

पुढे १८६० च्या दशकात कॉलेजच्या अभ्यासातून मराठी गेली आणि संस्कृत, लॅटिन, फारसी अशा अभिजात भाषांना मान मिळाला. मराठी परत यावी म्हणून रानड्यांनी अखेरपर्यंत खटपट केली. १९०१ च्या जानेवारीत ते गेले, आणि त्याच सुमारास एम.ए.ला मराठीला जागा मिळाली.

दुसरी भाषा तरी मनासारखी घेता येत होती का? भीमराव आंबेडकरांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून शाळेत ते नाकारलं गेलं आणि फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. संस्कृत ते पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकले. ‘आपली पायरी ओळखून राहावं’ हे आपण किती सहज बोलून जातो! या वाक्प्रचारात कोणाकोणाला खाली ठेवलं गेलं, ते नाशिककरांना सांगायला नको. काळाराम मंदिराच्या दारातला १९३० चा सत्याग्रह याच गावात झाला.

म्हणून पायरी हा शब्द मला वर्गात जपून वापरावा लागतो, आणि नेमका तोच आमच्या वर्ग ठरवायच्या चाचणीच्या नावात आहे. जर्मनमध्ये तिला ‘आइनश्टुफुंग्स टेस्ट’ म्हणतात. त्यातला ‘श्टूफं’ म्हणजे पायरी. इंग्रजीतलं ‘प्लेसमेंट टेस्ट’ इथे चालत नाही. प्लेसमेंट म्हटलं की पोरांना नोकरीच आठवते.

या चाचणीचं मूळ दाखवायचं तर मी बेन वुड यांच्याकडे बोट दाखवीन. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या या अभ्यासकानं शाळांमधून फ्रेंच आणि स्पॅनिश शिकणाऱ्या हजारो मुलांची चाचणी घेतली आणि १९२७ मध्ये निष्कर्ष छापले. एकाच बाकावर बसणाऱ्या मुलांच्या तयारीत जमीन-अस्मानाचं अंतर निघालं. खालच्या वर्गातली कित्येक मुलं वरच्या वर्गातल्यांच्या पुढे होती. किती वर्षं शिकला यावरून किती येतं ते कळत नाही, हे तिथे आकड्यांनी सिद्ध झालं. आपल्याकडे अजूनही बारावीचे गुण बघून मुलाला बसवतात. मला हे साफ चुकीचं वाटतं.

आज वापरात असलेली मोजपट्टी युरोपची. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका परिषदेत तिचा विचार पक्का झाला आणि २००१ मध्ये ती पुस्तकरूपानं आली: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. सहा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर काय जमतं ते लिहिलेलं असतं. स्वतःची ओळख करून देता येते, ओळखीच्या विषयावर बोलता येतं, असं. चुकांची यादी तिथे नाही.

जर्मनीत विद्यापीठात नाव घालण्याला आजही ‘इमाट्रिकुलात्सिओन’ म्हणतात. तीच ती मॅट्रिकची वही. आंबेडकरांनी कोलंबियात जर्मनचा अभ्यास केला होता आणि १९२१ मध्ये बॉन विद्यापीठातल्या प्रवेशासाठी त्यांनी जर्मनमध्येच लिहिलं. संस्कृतच्या वर्गाबाहेर ठेवलेल्या मुलानं परक्या विद्यापीठाशी त्यांच्याच भाषेत बोलावं, हे मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगते.

निफाडची मुलगी पेन्सिल घेऊन बसली. नाव, गाव, घरी कोण कोण, भराभर लिहीत गेली. ‘डेअर, डी, डास’नंही तिला अडवलं नाही. तो-ती-ते बोलत वाढलेल्या मुलांना तीन लिंगांची भीती नसते. आपली खुर्ची ‘ती’ आणि त्यांचा ‘श्टूल’ मात्र ‘तो’, एवढं घोकावं लागतं. मुलीला जर्मन माणूस नपुंसकलिंगात घालतो, पण ‘ते लेकरू’ म्हणणाऱ्या घरात त्याचं काय नवल!

चौदावा प्रश्न होता, काल संध्याकाळी तू काय केलंस? तिनं ‘इश गेहे’ लिहिलं, म्हणजे ‘मी जाते’. खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. खोडरबरानं कागद काळवंडला. भूतकाळ तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. तिनं पेन्सिल ठेवली आणि तळहातानं ती ओळ झाकली.

मी समासात तारीख घातली. “सोमवारी सकाळी आठला, दुसऱ्या खोलीत ये.”

“म्हणजे पास?”

“म्हणजे चौदाव्या प्रश्नापासून सुरुवात.”

तिनं कागद परत मागून घेतला आणि तो प्रश्न स्वतःच्या वहीत उतरवला.